खूणवाले आणि कानवाले

पुण्यात जुन्या गाडीचं बॉनेट उघडणं ही खासगी बाब राहत नाही. शेजाऱ्याचा मुलगा अमेरिकेला गेला, सून वेगळी राहू लागली, घरात वाटण्या झाल्या, तरी दारावरून जाताना मान वळवावी की नाही याचा माणसं जरा विचार करतात. बॉनेटच्या बाबतीत तो विचार कुणी करत नाही. ते वर गेलं आणि त्याला काडी लागली की पहिले काका हजर. हात मागे बांधून आत डोकावतात आणि विचारतात, ‘‘काय, बंद पडली का?’’ इंजिन चालू असतं, बॉनेट थरथरत असतं, धूर थेट काकांच्या लेंग्यावर जात असतो, तरी प्रश्न हाच. चालू गाडीचं बॉनेट कुणी उगाच उघडेल, यावर पुणेकराचा विश्वास नाही.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली ही गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४च्या सुमारास तिचंच बारसं पद्मिनी या नावानं झालं. इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडर चार, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बुकिंग केल्यावर माणसं वर्षानुवर्षं थांबायची आणि गाडी दारात आली की आधी पेढे वाटायची. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा तिकडे हळहळीचा पूर आला. पुणं कोरडं राहिलं. वस्तू जुनी झाली म्हणून काढून टाकायची, ही कल्पनाच इकडे उधळपट्टीत जमा होते.

तर या पद्मिनीनं चढावर मान टाकायला सुरुवात केली. सपाटीला ठीक, पण चांदणी चौकाकडे चढू लागली की पिकअप नाही, तिसऱ्याचा दुसरा करावा लागतो आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नमधून कुळाचा उद्धार करतो. अशी गाडी हल्लीच्या चकाचक गॅरेजमध्ये नेली, तर कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा लॅपटॉप घेऊन डॅशबोर्डखाली वाकतो आणि बराच वेळ चाचपून विचारतो, ‘‘सर, याला पोर्ट कुठंय?’’ त्याचा जन्म व्हायच्या आधी पद्मिनी बंद झालेली. मग उरतो घरचा रविवार. चढावर दम टाकणाऱ्या गाडीत कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, ब्रेक धरून राहणं, असे संशयित पुष्कळ असतात. पण सगळ्यांत स्वस्त संशयित पहिला धरावा, हा पोलिसी नियम घरालाही लागू आहे. तो म्हणजे टायमिंग.

हे प्रकरण समजायला सोपं आहे, म्हणूनच ते सगळ्यांना समजलेलं असतं. पिस्टन वर येतो, पेट्रोलची वाफ आणि हवा दाबतो, प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो. गोम एवढीच की मिश्रण एका क्षणात जळत नाही. त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो असं धरू. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गाडी उभ्या उभ्या चालू असेल, तर तेवढ्या वेळात पिस्टननं फिरणारी क्रँक सुमारे १० अंश पुढे जाते. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधीच पाडावी लागते. पाहुणे जिना चढत असतानाच चहाचं आधण ठेवावं, तसं हे आहे. ते दारात आल्यावर ठेवलं तर चहा उशिरा होतो आणि गाडी चढावर मरते. ते कोपऱ्यावर असतानाच ठेवलं तर चहा उकळून कडू होतो आणि इंजिन टणटण वाजायला लागतं, त्याला नॉकिंग म्हणतात. (पुण्यात पाहुणे जिना उतरल्यावर आधण ठेवतात असं मुंबईकर म्हणतात. इंजिनाच्या भाषेत त्याला रिटार्ड टायमिंग म्हणतात.)

वेग वाढला की ही घाईही वाढवावी लागते. ४००० फेऱ्यांवर त्याच पाचशेव्या भागात क्रँक ४८ अंश निघून जाते. वेगानं मिश्रण ढवळलं जातं आणि जळणंही लवकर होतं, त्यामुळे प्रत्यक्षात ठिणगी एवढी आगाऊ पाडावी लागत नाही. पण आगाऊ पाडावी लागतेच. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात, म्हणजे नाना पेठेत ज्याला डेल्को म्हणतात त्याच्या पोटात, दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप अलीकडे येते. बॅटरी, कॉइल आणि उघडमिट करणारे पॉइंट यांनी ठिणगी पाडायची ही व्यवस्था अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९१०च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी बसवली. पुढे १९१२च्या कॅडिलॅकला त्यानंच बटणाचा स्टार्टर दिला, कारण हँडल मारताना ठिणगी भलत्या वेळी पडली की हँडल उलटं फिरायचं आणि माणसाचं मनगट मोडायचं. टायमिंग चुकण्याची शिक्षा तेव्हा जागच्या जागी मिळत असे. हल्ली ती मागचा टेम्पोवाला देतो.

घरी टायमिंग बघायचं म्हणजे दोन खुणा जुळवायच्या. एक खूण क्रँकच्या पुलीच्या काठावर असते, ती इंजिनाबरोबर फिरते. दुसरी तिच्या शेजारच्या टायमिंग कव्हरवर, ती बसलेली असते. पुस्तकात हे चित्र इतकं स्वच्छ असतं, की पाहून मनाला शांती लाभते. प्रत्यक्षात पुली रेडिएटर आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत, खाली, फॅन बेल्टच्या आड असते. तिच्यावर अनेक मालकांच्या काळातलं ऑइल, दांडेकर पुलाच्या पुरापासून सिंहगड रोडच्या खोदाईपर्यंतची धूळ आणि कुणीतरी कधीतरी ओतलेलं कूलंट यांचा एकजीव थर बसलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं घासत बसावं लागतं. आधी थर मऊ होतो, मग काळं पाणी ओघळतं, मग लोखंडाचा राखी रंग दिसतो आणि शेवटी बोटाच्या नखाला एक बारीक खाच लागते. डोळ्यांना ती दिसत नाही. त्या खाचेत ऑफिसातल्या व्हाइटनरचा एक ठिपका भरायचा. घरात नेलपॉलिश असेल तर ते अधिक टिकतं. पण त्याची बाटली पार्किंगमध्ये सापडली, तर पुढचं टायमिंग घरात बघावं लागतं.

ठिपका लागला की वाद सुरू होतात, कारण खुणेला आता साक्षीदार मिळालेले असतात. पहिला वाद असा, की ही खूण शून्याची की आगाऊ अंशांची? काही इंजिनांवर पिस्टन माथ्यावर आल्याची खूण असते, काहींवर ठिणगीची, काहींवर दोन्ही. आमच्याकडचे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, ‘‘शून्य कुठलं धरलंय ते आधी ठरवा.’’ हसणाऱ्यांनी हसून घ्यावं, पण शून्य अंश नेमका कुठं यावर भांडायची या गावाची सवय फार जुनी आहे. टिळक पंचांग रेवतीतला तारा धरून राशिचक्राचा आरंभ मोजतं, बाकीची बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्यावरून मोजतात, आणि दोन्ही शून्यांमध्ये जवळपास ४ अंशांचं अंतर पडतं. ४ अंशांनी काय होतं असं ज्याला वाटतं, त्यानं अधिक महिना आठवावा. कधी कधी दोन पंचांगांचे अधिक महिने वेगळे पडतात आणि एकाच गावात दोन घरांचे गणपती महिन्याच्या अंतरानं बसतात. दोन्ही घरांची आरती वेळेवरच होते. पद्मिनीच्या इंजिनातही ४ अंश म्हणजे चढावर दुसरा गिअर की तिसरा, एवढा फरक.

दुसरा वाद फेरीचा. या इंजिनात एका प्लगवर एक ठिणगी पडायला क्रँकला दोन फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे पुलीवरचा ठिपका दोनदा समोर येतो, पण त्यातला एकदाच खरा. दुसऱ्यांदा पिस्टन वर येतो तो जळालेला धूर बाहेर टाकायला. खूण तीच, जागा तीच, पण आत भलताच कार्यक्रम चालू असतो. नुसत्या खुणेवर विश्वास ठेवून डेल्को बसवणारा माणूस इथंच अर्ध्या वर्तुळानं फसतो. मग स्टार्टर मारला की कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो आणि वॉचमन गेटवरून धावत येतो.

खरी फेरी ओळखायचं साधन अंगठा. रेडिएटरकडचा पहिला प्लग काढायचा, कॉइलची वायर सोडायची, गिअर न्यूट्रलला घ्यायचा, प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं पुढून हँडल घालून सावकाश फिरवायचं. धुराच्या फेरीत अंगठ्याला काहीच कळत नाही. मग हँडल जड होतं, भोकातली हवा गोळा होऊन अंगठ्याच्या मांसाला खालून रेटू लागते, अंगठा निसटतो आणि ‘फुस्स’ असा एक तेलकट उसासा येतो. अंगठ्यावर काळं वर्तुळ उमटतं. ही कॉम्प्रेशनची फेरी. इथून हळूहळू ठिपका खुणेकडे आणायचा आणि डेल्कोचं टोपण उघडून पाहायचं, की आत फिरणाऱ्या रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे आहे ना. सगळ्या प्रकरणातला हा एकच भाग असा आहे, की त्यावर मतभेद होत नाहीत. ज्याचा अंगठा, त्याचाच अनुभव. सोसायटीतली मुलं यासाठी रांग लावतात. चौथीतल्या एका मुलीनं अंगठा उडाल्यावर ‘‘श्वास घेतंय!’’ म्हटलं, ते खालच्या तीन काकांनी मिळून दिलेल्या स्पष्टीकरणापेक्षा सरस होतं.

रांगेवरून आठवलं. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ असतो. हा क्रम ऐकून शिस्तप्रिय माणसाला त्रास होतो. ‘‘एक, दोन, तीन, चार असा का नाही ठेवला?’’ असं आमच्या माजी चेअरमननी रीतसर विचारलं. ठेवता येत नाही. या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर येतात, दुसरा आणि तिसरा एकत्र. त्यामुळे १-३-४-२ किंवा १-२-४-३ एवढेच दोन पर्याय राहतात आणि फियाटनं त्यातला पहिला निवडला. चेअरमनना हे पटलं. पण सर्वसाधारण सभेत हा विषय आधी यायला हवा होता, असा त्यांचा चेहरा झाला.

तज्ज्ञांची या शहराला ददात नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी आणि खडकीच्या संरक्षण खात्यानं प्रत्येक सोसायटीला किमान तीन निवृत्त अधिकारी पुरवले आहेत. आमच्याकडचे एक टेल्कोतले. त्यांची हयात ट्रकांत गेली, त्यामुळे कुठलाही इलाज ते जड हातोडीपासून सुरू करतात. दुसरे खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये होते. त्यांचं म्हणणं, डिझेलला प्लगच लागत नाही, तेव्हा मुळात चूक गाडी घेण्यात झाली. तिसरे खडकीच्याच दारूगोळा कारखान्यातले. ते फारसं बोलत नाहीत. पण स्फोट वेळेआधी झाला तर काय होतं, या विषयावर त्यांनी भुवया वर केल्या की बाकीचे गप्प बसतात.

या तिघांचं एकमत एका गोष्टीवर झालं, ते म्हणजे आधी पॉइंट बघा. आणि ते बरोबर होतं. डेल्कोमधल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. पॉइंटचा फायबरचा ठोकळा घासून झिजला की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणजे खुणा कितीही जुळवा, फट चुकीची असेल तर टायमिंग पुन्हा घसरणार. आधी फट, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला की काम दोनदा करावं लागतं. फट मोजायला फीलर गेज असतो. तो घरात कुठे आहे हे कुणालाही ठाऊक नसतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या व्हिजिटिंग कार्ड घालून फट मोजली गेली. एका काकांनी लग्नपत्रिका आणली होती. पण ती सोन्याच्या वर्खाची, जाड निघाली. एवढ्या फटीला ठिणगी इतकी आगाऊ पडली असती, की आजच्या वऱ्हाडाला काल जेवायला बसवावं लागलं असतं.

फट झाली की दिव्याची परीक्षा. बारा व्होल्टचा साधा बल्ब घ्यायचा. एक वायर डेल्कोच्या बारीक टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. इग्निशन चालू करून हँडल सावकाश फिरवायचं. पॉइंट मिटलेले असतात तोवर बल्ब विझलेला. ज्या क्षणी ते उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो. तोच ठिणगीचा क्षण. बल्ब लागला तेव्हा ठिपका खुणेवर असेल तर टायमिंग बरोबर. नसेल तर डेल्कोचा खालचा नट सैल करून अख्खा डेल्को किंचित फिरवायचा. रोटर ज्या दिशेनं फिरतो तिच्या उलट फिरवला तर ठिणगी आगाऊ, त्याच दिशेनं फिरवला तर मागे.

इथं एक बारकावा आहे आणि तो माणसाच्या स्वभावाशी भांडतो. ठिपका खुणेच्या जरासा पुढे गेला, तर हात लगेच हँडल मागे ओढतो. तसं करायचं नाही. आत टायमिंगची साखळी असते, जुन्या गाडीत ती सैलावलेली असते, आणि उलट फिरवलं की साखळीतला झोल मोजमापात शिरतो. चांगलं पाव फेरी मागे जाऊन पुन्हा पुढूनच खुणेवर यायचं. हे ऐकल्यावरही ‘‘जरासंच मागे घ्या ना!’’ असं वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडतंच. गॅलरीतून इंजिन दिसत नाही, हा सल्ला द्यायला अडथळा मानला जात नाही.

बल्बची परीक्षा बंद इंजिनावर होते. चालू इंजिनावर बघायचं असेल तर टायमिंग लाइट लागतो. तो पिस्तुलाच्या आकाराचा दिवा पूर्वी मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नशिबानं मिळायचा. चालतो की नाही हे घरी आल्यावर कळायचं आणि परत नेला तर विकणारा आपल्याला ओळखत नसायचा. पहिल्या प्लगच्या वायरीला त्याचा चिमटा लावला, की दर ठिणगीला एक चमक पडते. मिनिटाला शेकडो फेऱ्या मारणारी पुली त्या चमकांत जागच्या जागी थिजते आणि व्हाइटनरचा ठिपका निवांत उभा राहिलेला दिसतो. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टननं १९३०च्या दशकात अशाच चमकांनी धावत्या यंत्रांचे आणि पडत्या थेंबांचे फोटो काढून जगाला थक्क केलं. आमच्या पार्किंगमध्ये थक्क व्हायला दिवस मावळावा लागतो, कारण उन्हात ती चमक दिसतच नाही. म्हणून टायमिंग लाइटचा मुहूर्त संध्याकाळी सातनंतरचा. अंधारात बॉनेटखाली निळसर लखलख सुरू झाली, की दोन विंगांमधून वेल्डिंगची तक्रार येते.

या लखलखाटात एक खरा धोका आहे आणि तो विनोदानं सांगण्यासारखा नाही. पुलीबरोबर रेडिएटरचा पंखाही त्याच चमकांत न्हातो आणि त्याची पाती थांबल्यासारखी, फार तर आळसावून डुलल्यासारखी दिसतात. तो थांबलेला नसतो. झब्ब्याची बाही, ओढणी, गळ्यातला मफलर, सगळं लांब ठेवायचं. दिवाही पंख्याच्या बाजूनं धरायचा, पंख्यातून नव्हे.

इतकं सगळं होऊन ठिपका खुणेवर बसतो. पुस्तकवाले हात झटकतात. आणि मग मिस्त्री येतात.

मिस्त्रींनी नाना पेठेत पद्मिन्यांत आयुष्य काढलं. आता गॅरेज मुलाकडे आहे आणि ते नातवाला शाळेत सोडतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. भाजी घेऊन जाताना त्यांच्या कानावर इंजिन पडतं. पिशवी खाली ठेवून ते जगातल्या सगळ्या मेकॅनिकांचं, प्लंबरांचं, दंतवैद्यांचं आणि बहुधा मंत्र्यांचंही पहिलं वाक्य उच्चारतात: ‘‘याला आधी कुणी हात लावला होता?’’

‘‘खुणेवर आहे मिस्त्री,’’ टेल्कोवाले काका सांगतात. ‘‘बल्बनं बघितलं, लाइटनं बघितलं.’’

‘‘खुणेवर असेल साहेब. खुशीत नाही.’’

मग ते नट सैल करतात, इंजिन मंद चालू ठेवतात आणि डेल्को तळहातात धरून केसाएवढा फिरवतात. इंजिनाचा सूर चढतो. आणखी केसभर. सूर गुळगुळीत होतो. आणखी केसभर, आणि आता किंचित अडखळतो. तिथून ते नखभर मागे येतात आणि नट आवळतात. या सगळ्या वेळात ते इंजिनाकडे बघत नाहीत. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत असतात. ‘‘पुस्तकात असं नाहीये,’’ खूणवाले म्हणतात. ‘‘गाडीला कुठं वाचता येतं?’’ मिस्त्री म्हणतात. ‘‘पण आम्हाला येतं ना!’’ असं उत्तर खास पुण्यातच मिळतं.

निकाल चढावर लागतो. पौड रस्त्याकडून वेताळ टेकडीवर एआरएआयकडे जाणारा चढ यासाठी उत्तम. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशभरच्या गाड्यांच्या चाचण्या होतात, कोट्यवधींची यंत्रं गाडीचा श्वास न्‌ श्वास मोजतात. त्या संस्थेच्या दाराकडे जाणाऱ्या चढावर एक पद्मिनी तिसऱ्या गिअरमध्ये, चार ज्येष्ठ नागरिक आत बसवून, काचा खाली करून, नॉकिंग ऐकत चढते. ‘‘वाजतंय?’’ ‘‘नाही.’’ ‘‘आता?’’ ‘‘ते तुमच्या खिशातल्या किल्ल्या.’’ दारूगोळावाले डोळे मिटून ऐकत असतात. गाडी दुसरा न मागता वर पोचते.

खाली आल्यावर खूणवाले पुन्हा टायमिंग लाइट लावतात, कारण हरलेल्यालाही मोजमाप हवं असतं. मिस्त्रींचा कान पुस्तकाच्या खुणेपासून ३-४ अंशांवर थांबलेला निघतो. म्हणजे दोन पंचांगांइतकं अंतर. आणि दोन्ही पक्ष लगेच विजय जाहीर करतात. ‘‘बघा, किती लांब होतो आपण!’’ म्हणतात कानवाले. ‘‘बघा, किती जवळ आलेत तुम्ही!’’ म्हणतात खूणवाले.

खरं तर दोघांचंही बरोबर आहे, आणि हीच दोघांची अडचण आहे. कारखान्यात ती खाच पाडली तेव्हा साखळी नवी होती, डेल्कोतल्या स्प्रिंगा ताठ होत्या आणि पंपावर मिळणारं पेट्रोलही वेगळं होतं. त्या पेट्रोलात शिसं मिसळलेलं असायचं; १ फेब्रुवारी २०००पासून देशभर ते बंद झालं. आता त्यात इथेनॉल आलंय, वीस टक्क्यांपर्यंत. ज्या उसाची साखर आपण चहात घालत होतो, तोच ऊस आता टाकीत जातो. इथेनॉलमुळे पेट्रोल नॉकिंगला सहजासहजी दाद देत नाही, म्हणजे ठिणगी थोडी आगाऊ पडली तरी चालून जातं. पण जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, हा वेगळा रविवार झाला. सारांश, खूण सांगते ती इंजिनाच्या जन्मवेळची गोष्ट. कान सांगतो आजची. खुणेशिवाय नुसता कान लावणारा अर्धं वर्तुळ चुकला तरी त्याला कळणार नाही. कानाशिवाय नुसती खूण बघणारा नियमानं चढावर मरेल. सुरुवात खुणेवर करावी आणि थांबावं कानावर. पण एवढं समंजस बोलणं चर्चा संपवतं, म्हणून ते कुणी बोलत नाही.

हा तंटा मोटार कंपन्यांनी आपल्या परीनं मिटवूनही टाकला. हल्लीच्या गाडीत डेल्को नाही, पॉइंट नाहीत, फिरवायला काहीच नाही. एका डबीत अख्खं पुस्तक भरलेलं असतं: कुठल्या वेगाला, कुठल्या ओझ्याला किती अंश आगाऊ, याचा तक्ता. आणि इंजिनाच्या अंगावर स्क्रूनं आवळलेला एक कानही असतो, त्याला नॉक सेन्सर म्हणतात. टणटण सुरू होताच तो डबीला कळवतो आणि डबी ठिणगी थोडी मागे घेते. पुस्तक आणि कान एकत्र, सेकंदाला कितीतरी वेळा, भांडणाशिवाय. किर्लोस्करवाले काका हे ऐकून म्हणाले, ‘‘मग माणसानं रविवारी करायचं काय?’’

परवा त्यांच्याच मुलाची नवी कोरी गाडी पार्किंगमध्ये झटके देऊ लागली. कंपनीचा माणूस आला, पोर्ट तिथल्या तिथे सापडलं, लॅपटॉप जोडला. सगळे पुढे सरकून पडद्याकडे बघू लागले. हिरव्या अक्षरांत उमटलं, की कुठलाही दोष आढळला नाही. गाडी पुन्हा एक झटका देऊन बंद पडली. त्या मुलानं लॅपटॉप मिटला, डोकं खाजवलं, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा संशयानं नजर फिरवली आणि विचारलं,

‘‘सर, याला आधी कुणी हात लावला होता का?’’